गाडी कुणासाठी धावते?

आज आपण रेल्वेविषयी बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, काशीदच्या बाईने रेल्वेविषयी काय सांगावं? आपल्या मुरूड तालुक्यात तर रूळच नाहीत. गाडी पकडायची म्हटली की आपण एसटीने रोहा नाहीतर पेण गाठतो, किंवा मांडव्याहून लाँचने गेटवेला उतरतो. तरीही आपल्यातल्या बऱ्याच जणींनी रेल्वेचा डबा पहिल्यांदा पाहिला तो घरातलं कुणीतरी आजारी पडलं तेव्हाच. कुणाची सासू, कुणाचा भाऊ, कुणाचं लहान लेकरू. फिरायला म्हणून रेल्वेत बसलेल्या आपल्यात थोड्याच.

म्हणून आज रेल्वेचा इतिहास जरा वेगळ्या बाजूने पाहू. रेल्वे आली, वाढली, बोगदे झाले, पूल झाले, हे पुस्तकात असतंच. या रेल्वेने आजारी माणसाला, आणि त्यातही आजारी मुलाला, कसं वागवलं, ते आपण पाहू.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आपल्या देशातली पहिली प्रवासी गाडी गेली. त्यानंतर थोड्याच वर्षांत रूळ घाट चढून वर गेले आणि मुंबईला देशभरातून माणसं येऊ लागली. मग १८९६ साली मुंबईत प्लेग आला. लोक घाबरून गाड्या भरभरून गावाकडे पळू लागले. १८९७ च्या फेब्रुवारीत सरकारने साथीच्या रोगांचा कायदा केला आणि रेल्वे स्थानकांवर प्रवाशांची तपासणी सुरू झाली. ताप आहे का, काखेत, जांघेत गाठ आहे का, हे पाहिलं जाई. बायकांनाही फलाटावर, परक्या पुरुषांसमोर तपासलं जाई. त्याचा लोकांना फार संताप आला होता. ज्याच्यावर संशय येई त्याला गाडीतून उतरवून वेगळ्या छावणीत नेत.

साथ पसरू नये म्हणून तपासणी हवीच होती, हे खरं. आपणही करोनाच्या काळात गावच्या वेशीवर तेच केलं. पण त्या दिवसांत तापलेलं लेकरू कडेवर घेऊन गाडीत बसणाऱ्या आईच्या मनात काय भीती असेल, याचा विचार करा. आजारी माणसाला रेल्वेने पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर ओळखलं, ते त्याला खाली उतरवण्यासाठी.

आता आपल्याच जिल्ह्यात येऊ. कर्जत तालुक्यातलं माथेरान तुम्हाला माहीत आहे. १८५० साली ठाण्याचे तेव्हाचे कलेक्टर मॅलेट साहेब तो डोंगर चढले आणि मग तिथे थंड हवेचं ठिकाण वसलं. त्या काळी औषधं कमी होती. ताप येऊन गेला, अशक्तपणा आला, की डॉक्टर सांगत, हवापालट करा. पण हवापालट करायला पैसा लागे. नेरळला उतरून पुढे डोंगर चढायचा तो घोड्यावर, पालखीत नाहीतर माणसांच्या खांद्यावर. पैसेवाला आजारी माणूस वर जाई. त्याची पालखी वाहणारा खोकत असला तरी त्याला हवापालट कोण सांगणार?

या डोंगरावर रेल्वे नेली ती मुंबईच्या पीरभॉय कुटुंबाने. सर आदमजी पीरभॉय यांनी पैसा घातला आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी काम तडीला नेलं. १९०४ ला काम सुरू झालं आणि १९०७ साली नेरळ-माथेरान गाडी सुरू झाली. त्या काळचे १६ लाख रुपये लागले. रुळांमधलं अंतर फक्त दोन फूट. वाट सुमारे २० किलोमीटरची, नागमोडी. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज अशी स्थानकं घेत गाडी सुमारे ८०० मीटर उंचीवर जाते. वळणं इतकी आवळ आहेत की मोठ्या गाडीला ती घेताच येणार नाहीत. पोरांनी मांडलेल्या खेळातल्यासारखी ती दिसते, म्हणून लोक तिला 'माथेरानची राणी' म्हणतात, टॉय ट्रेन म्हणतात.

या गाडीने आजवर बरंच सोसलं आहे. २६ जुलै २००५ च्या पावसात रूळ वाहून गेले, ती २००७ साली पुन्हा सुरू झाली. २०१६ मध्ये डबे घसरल्यामुळे बंद पडली. पुन्हा चालू झाली, तर २०१९ च्या पावसाने मार्ग उद्ध्वस्त केला. नेरळपासूनची फेरी परत सुरू व्हायला २२ ऑक्टोबर २०२२ उजाडला. फायद्या-तोट्याचा हिशेब करून ही गाडी केव्हाच मोडीत काढता आली असती. पण हा आपला वारसा आहे, असं लोकांना वाटलं, म्हणून ती टिकली.

हौस बाजूला ठेवली तरी तिचा एक उपयोग उरतोच. माथेरानमध्ये मोटारींना बंदी आहे. दस्तुरी नाक्यावर गाडी ठेवायची आणि पुढे बाजारपेठेपर्यंत अडीच-तीन किलोमीटर लाल मातीतून चालायचं नाहीतर घोड्यावर बसायचं. अलीकडे थोड्या ई-रिक्षा आल्या. ज्याला चालता येत नाही त्याच्यासाठी अमन लॉज ते माथेरान ही छोटी रेल्वेफेरी हा सोपा मार्ग आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी हवापालटाला जाणाऱ्या श्रीमंतांसाठी टाकलेले हे रूळ आज अधू पायाच्या आजीला आणि दमलेल्या मुलालाही वर नेतात.

आता डोंगर सोडून मुंबईत, परळला येऊ. १९२९ साली तिथे बाई जेरबाई वाडिया मुलांचं रुग्णालय उभं राहिलं. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालं. रेल्वे होती म्हणून मग देशाच्या कानाकोपऱ्यातून आजारी मुलं परळला येऊ लागली. बिहारमधून, बंगालमधून, विदर्भातून आणि आपल्या कोकणातून. उपचार महिनोन् महिने चालतात. राहायचं कुठे, हा प्रश्न इतका मोठा की कितीतरी आईबाप रुग्णालयाबाहेरच्या फुटपाथवर दिवस काढत आले. याच गरजेतून २००६ साली मुंबईत सेंट ज्यूड संस्थेचं काम सुरू झालं. कर्करोग झालेल्या मुलांना आणि त्यांच्या पालकांना उपचार चालू असेपर्यंत तिथे फुकट राहायला मिळतं.

रेल्वेनेही आपलं वागणं बदललं. ज्या रेल्वेने कधी आजाऱ्याला उतरवलं, तिनेच त्याला तिकिटात सवलत दिली. हे नीट ऐका, कारण हे आपल्या कामाचं आहे. कर्करोगाचा रुग्ण उपचारासाठी जात असेल तर स्लीपर आणि थर्ड एसीत त्याचं मूळ भाडं पूर्ण माफ असतं आणि सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सूट असते. थॅलेसेमियाच्या रुग्णाला, हृदयाच्या शस्त्रक्रियेला जाणाऱ्याला, मूत्रपिंडाच्या डायलिसिसला जाणाऱ्याला स्लीपरमध्ये ७५ टक्के सूट आहे, सोबत्यालाही आहे. यासाठी रुग्णालयाच्या डॉक्टरांचा ठरलेल्या नमुन्यातला दाखला लागतो. नियम बदलत असतात आणि लोकलचे नियम वेगळे असतात, म्हणून तिकीट काढण्याआधी खिडकीवर विचारा. एसटीच्याही काही आजारांसाठी सवलती आहेत, त्या आगारात विचारा.

आमच्या एका गटातल्या ताईंच्या मुलीला थॅलेसेमिया आहे. दर तीन-चार आठवड्यांनी तिला रक्त चढवावं लागतं. ताईंनी दोन वर्षं पूर्ण भाडं भरून मुलीला नेलं-आणलं. सवलत आहे, दाखला घ्या, असं त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं. गटाच्या बैठकीत हप्ता का थकला हे विचारताना ही गोष्ट बाहेर आली. त्याच बैठकीत ताईंनी आणखी एक सांगितलं. त्यांची मुलगी एकदा गाडीत खिडकीशी बसून विचारत होती, "आई, ही गाडी दवाखान्याशिवाय दुसरीकडे कुठे जात नाही का गं?"

त्या प्रश्नापाशी आपण परत येणार आहोत. त्याआधी एका गाडीची गोष्ट सांगते, कारण ती आजारी मुलांच्या दारात स्वतः गेली.

१६ जुलै १९९१. मुंबईहून एक गाडी निघाली. तिला फक्त तीन डबे, तेही रेल्वेने दिलेले जुने. पण आतून त्या डब्यांचं रुग्णालय केलेलं होतं. शस्त्रक्रियेची खोली, निर्जंतुक करायची यंत्रं, विजेसाठी जनरेटर, सगळं चाकांवर. नाव ठेवलं 'जीवनरेखा एक्स्प्रेस', इंग्रजीत लाइफलाइन एक्स्प्रेस. मुंबईची इम्पॅक्ट इंडिया फाउंडेशन ही संस्था, भारतीय रेल्वे आणि आरोग्य मंत्रालय यांनी मिळून ती उभी केली. संस्थेच्या झेल्मा लाझारस या बाईंनी हे काम मनावर घेतलं आणि वर्षानुवर्षं चालवलं. रुळांवर चालणारं असं रुग्णालय जगात पहिलंच, असं मानलं जातं. तिचा पहिला मुक्काम होता खलारीला, तेव्हाच्या बिहारात, आताच्या झारखंडात.

या गाडीची रीत कशी, ते पाहा. ती एखाद्या लहान स्थानकावर बाजूच्या रुळावर येऊन उभी राहते आणि तीन-चार आठवडे तिथेच थांबते. आधी गावोगाव फिरून रुग्ण शोधलेले असतात. शहरांतले डॉक्टर काही दिवसांची रजा काढून येतात आणि बिनपैशाने शस्त्रक्रिया करतात. रुग्णाला ठेवायला जवळची शाळा नाहीतर धर्मशाळा घेतात. मोतीबिंदू, पोलिओने वाकडे झालेले पाय, कानातून वाहणारा पू, आणि मुलांचे दुभंगलेले ओठ, यांवर तिथे उपचार झाले. पुढे डबे वाढले. २०१६ साली आणखी दोन डबे जोडून कर्करोगाच्या तपासणीचीही सोय केली. आजवर १२ लाखांहून जास्त लोकांनी या गाडीचा लाभ घेतला आहे.

दुभंगलेल्या ओठाचंच उदाहरण घ्या. असं मूल जन्मलं की आपल्याकडे काय म्हणतात? ग्रहणात विळी हातात धरली म्हणून झालं. सगळा दोष आईच्या माथी. मुलाला नीट दूध ओढता येत नाही, मोठं झाल्यावर बोलणं स्पष्ट येत नाही, पोरं चिडवतात, शाळा सुटते. आणि हा दोष शस्त्रक्रियेने नीट होतो, मूल तीन-चार महिन्यांचं झालं की करता येतो. म्हणजे मुलाचं आयुष्य अडलेलं असतं ते आजारापेक्षा अंतरामुळे. मोठं शहर लांब, तिथे ओळख नाही, मजुरी बुडते, बाकीच्या मुलांना सांभाळणार कोण. जीवनरेखा गाडीने हे ओळखलं. रुग्णाला दवाखान्यापर्यंत येणं जमत नसेल, तर दवाखान्याने रुग्णापर्यंत जावं.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. सुरुवातीला या गाडीत पोलिओच्या मुलांच्या शस्त्रक्रिया फार होत. पण घरोघरी थेंब पाजणाऱ्या अंगणवाडी ताई आणि आशाताईंच्या पायपिटीमुळे १३ जानेवारी २०११ नंतर आपल्या देशात नैसर्गिक पोलिओचा एकही रुग्ण सापडला नाही. २७ मार्च २०१४ रोजी देश पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं. गाडी मोठीच, पण उंबरठ्यापर्यंत चालत आलेली बाई तिच्याहून मोठी.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळू. गाडी दवाखान्याशिवाय दुसरीकडे जात नाही का?

जाते. इंग्लंडच्या शेजारी वेल्स नावाचा डोंगराळ मुलूख आहे. तिथली टॅलिलिन नावाची चिमुकली रेल्वे बंद पडणार होती. १९५१ साली साध्या माणसांनी ती हाती घेतली. कुणी शिक्षक, कुणी कारागीर, सुट्टीच्या दिवशी येऊन इंजिन पुसायचे, तिकिटं फाडायचे. स्वयंसेवकांनी चालवलेली ही जगातली पहिली रेल्वे. तिचं पाहून ब्रिटनमध्ये, पुढे अमेरिकेतही, कितीतरी जुन्या गाड्या लोकांनी जिवंत ठेवल्या. अशा वारसा-रेल्वेवाल्यांपैकी काही जण गंभीर आजारी मुलांसाठी खास फेरी काढतात. त्या दिवशी गाडी त्या मुलांची आणि त्यांच्या घरच्यांची. मुलाला इंजिन जवळून बघता येतं, शिट्टी वाजवता येते, हिरवा झेंडा दाखवता येतो. गर्दी नसते, घाई नसते. कुणी 'याला काय झालंय?' असं विचारत नाही.

हा विचार जगभर पसरायला एक लहान मुलगा कारण झाला. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात ख्रिस ग्रेशियस नावाचा सात वर्षांचा मुलगा होता. त्याला रक्ताचा कर्करोग होता. त्याला पोलीस व्हायचं होतं. १९८० च्या एप्रिलअखेर तिथल्या पोलिसांनी त्याला हेलिकॉप्टरमधून फिरवलं, त्याच्या मापाचा गणवेश शिवून दिला, मानद पोलीस केलं. थोड्याच दिवसांत, ३ मे रोजी तो गेला. त्याच्या आईने आणि त्या पोलिसांनी मिळून, अशा मुलांची एक इच्छा पूर्ण करणारी संस्था काढली. तिचं नाव मेक अ विश. १९९६ पासून तिचं काम मुंबईतही चालतं. मुलाला काय हवं ते मुलालाच विचारायचं, ही तिची रीत.

इथे आपल्यातली एखादी म्हणेल, औषधाला पैसे पुरत नाहीत आणि फिरवायच्या गोष्टी कसल्या करता? प्रश्न खरा आहे. पैसा आधी औषधालाच जायला हवा. पण आपण आजारी मुलाच्या घरात काय होतं ते आठवून पाहू. घरात सगळं बोलणं रिपोर्टचं, तारखांचं, उसनवारीचं. मूल सहा वर्षांचं असलं तरी त्याला सगळं कळतं. आपल्यामुळे आई रडते, ताईची शाळेची फी थकली, हे त्याला कळतं. ते खेळ मागत नाही, खाऊ मागत नाही. शहाणं झालंय म्हणून आपण त्याचं कौतुक करतो. अहो, ते शहाणं नाही झालं, ते लहान राहायचं थांबलं.

मुंबईत वांद्र्याला १९८६ साली शांती अवेदना सदन सुरू झालं. बरे न होणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णांची काळजी घेणारी ती देशातली पहिली जागा. रोग बरा होत नसेल तेव्हाही माणसासाठी करण्यासारखं बरंच उरतं, हा त्यामागचा विचार. वेदना कमी करणं, स्वच्छ ठेवणं, ऐकून घेणं, आनंदाचा एखादा दिवस देणं. तो दिवस म्हणजे आजार बरा करणारं औषध नव्हे, आणि तसं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. पण ते मूल जितके दिवस आपल्यात आहे तितके दिवस ते मूल म्हणून जगावं, एवढं त्या दिवसाने होतं. आणि बरं होणाऱ्या मुलालाही तो दिवस लागतोच.

आपण काय करू शकतो? नेरळ आपल्याच जिल्ह्यात आहे. पेण, पनवेलमार्गे तिथे जाता येतं. दोन-तीन गटांनी मिळून एखाद्या मुलाला आणि त्याच्या भावंडांना त्या छोट्या गाडीत बसवणं आपल्या आवाक्यातलं आहे. पण नियोजन नीट हवं. सगळ्यात आधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारा. कर्करोगाच्या औषधांनी मुलाची रोगाशी झुंजायची ताकद कमी होते, तेव्हा गर्दीत नेणं धोक्याचं असतं. सुट्टीचे दिवस टाळा. नेरळपासूनचा पूर्ण प्रवास अडीच तासांहून जास्त आहे आणि वळणांनी मळमळतं. अशक्त मुलाला दस्तुरीपर्यंत मोटारीने न्या आणि अमन लॉजहून पंधरा-वीस मिनिटांची छोटी फेरी द्या. पावसाळ्यात नेरळहून गाडी बंद असते, छोटी फेरी मात्र सहसा चालू असते. औषधं, डॉक्टरांचा फोन नंबर, उकळलेलं पाणी, जास्तीचे कपडे जवळ हवेत. मूल दमलं तर अर्ध्यातून परत फिरायची तयारी ठेवा. मुलाचा फोटो काढून सगळीकडे पाठवू नका. त्याचा आजार ही त्याची खासगी गोष्ट आहे.

आणि माथेरानला जाणं नाही जमलं, तर आपला काशीदचा किनारा आहेच. दर शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची पोरं आपल्या वाळूत घोड्यावर बसतात, गाडीतून फिरतात. आपल्यापैकी कितीजणी तिथे पोहे, भजी, सरबत विकतात. पण आपल्याच गावातलं आजारी मूल तिथे कधी दिसतं का? मधल्या वाराला, उन्हं उतरल्यावर किनारा मोकळा असतो. घोडागाडीवाले आपलेच भाऊ, आपलेच पुतणे. एक फेरी मागितली तर नाही म्हणणार नाहीत.

म्हणून येत्या बैठकीत, बचतीचा हिशेब झाल्यावर, तीन प्रश्न विचारा. आपल्या वाडीत असं कुठलं मूल आहे, ज्याचे उपचार महिनोन् महिने चालू आहेत? त्याच्या आईला रेल्वेची, एसटीची सवलत आणि महात्मा फुले जन आरोग्य योजना माहीत आहे का? आणि त्या मुलाला काय आवडतं, हे आपण कधी विचारलं आहे का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं वहीत लिहा आणि आशाताईंना सांगा. तिसऱ्याचं उत्तर मात्र त्या मुलाशेजारी बसून त्याच्याच तोंडून ऐका. मोठी मागणी असेलच असं नाही. कुणाला गाडीची शिट्टी ऐकायची असेल, कुणाला नुसतं खिडकीशी बसायचं असेल.